शिक्क्यामागचा हिशेब

मोटारीचा विषय या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मोटार ही सुखवस्तूंची बाब, हे समीकरण आपल्या चळवळीच्या मनात अनेक वर्षे घट्ट बसले आहे, आणि ते बसण्याला कारणेही होती. परवान्यांच्या काळात नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे आणि ज्याच्यापाशी पैसा व वशिला होता त्याच्याच दारात गाडी उभी राही. परंतु आज ती परिस्थिती उरलेली नाही. देशात दर वर्षी नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारी अधिक संख्येने हात बदलतात. त्या घेणारा वर्ग कोणता? तालुक्याच्या गावी नोकरी करणारा शिक्षक, रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, म्हाताऱ्या आईवडिलांना इस्पितळात नेता यावे म्हणून हप्त्यावर गाडी घेणारा तरुण, स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती आलेला कामगार. घराखालोखाल आयुष्यातील मोठी खरेदी म्हणून हा माणूस जुनी मोटार घेतो. आणि त्या खरेदीत तो फसला तर त्याची काही वर्षांची बचत बुडते. म्हणून हा विषय आपला आहे.

या माणसाच्या मनातील धास्ती ओळखूनच बाजारात एक नवा शब्द आला आहे: ‘प्रमाणित’ मोटार. अमेरिकेत १९९०च्या दशकात भाडेकराराची मुदत संपून परत आलेल्या गाड्यांचे काय करायचे, या कारखानदारांपुढील प्रश्नातून या पद्धतीचा प्रसार झाला. आपल्याकडे मारुतीने २००१ साली ‘ट्रू व्हॅल्यू’ ही शाखा काढली, पुढे इतर कारखानदारांनी तोच मार्ग धरला, आणि २०१५ साली स्थापन झालेल्या कार्स२४, स्पिनी यांसारख्या कंपन्यांनी हा व्यवहार मोबाईलच्या पडद्यावर आणला. कल्पना साधी आहे. विक्रेता जुनी गाडी विकत घेतो, कुणी दोनशे तर कुणी पावणेचारशे मुद्द्यांवर तिची तपासणी केल्याचे सांगतो, दुरुस्ती करतो, सहा महिन्यांची वा वर्षाची हमी देतो आणि काचेवर शिक्का मारतो. शिक्का मारलेली गाडी शेजारच्या दलालाकडील तशाच गाडीपेक्षा महाग असते. गिऱ्हाईक हा जादा पैसा मोजते ते लोखंडासाठी नव्हे, निर्धास्तपणासाठी.

आता आपल्या कार्यकर्त्यांची पहिली प्रतिक्रिया आम्हाला ठाऊक आहे. ज्या गाडीचे मूळ मालकाला चार लाख मिळाले, तीच गाडी दोन महिन्यांनी पाच लाखांच्या आसपास विकली जाते, हे पाहिले की ‘लूट’ हा शब्द ओठांवर येतो. तो शब्द कधीकधी खराही असतो. परंतु हिशेब न मांडता उच्चारलेला आरोप विक्रेत्याला फार सोयीचा असतो. कारण तो आपली खर्चाची यादी पुढे करतो आणि आरोप करणारा निरुत्तर होतो. आपण ती यादी आधीच वाचलेली असली पाहिजे. म्हणून या लेखात आम्ही प्रथम विक्रेत्याच्या वहीची पाने उलटणार आहोत. त्याची वकिली करण्यासाठी नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या हातून निसटणारा पैसा नेमका कुठे जातो आणि शिक्का पोकळ होतो तो कोणत्या कलमात, हे दाखवण्यासाठी.

एक नमुना घेऊ. हे आकडे कोणत्याही एका दुकानाचे नव्हेत. हिशेबाची रीत ध्यानात यावी म्हणून धरलेले आहेत. विक्रेत्याने चार लाख रुपयांना गाडी विकत घेतली आणि कर धरण्यापूर्वी चार लाख ऐंशी हजारांना विकली. त्याच्या हाती फरक राहिला ऐंशी हजारांचा. या फरकावर अठरा टक्के दराने वस्तू व सेवा कर बसतो, म्हणजे चौदा हजार चारशे रुपये. गिऱ्हाइकाने एकूण मोजले चार लाख चौऱ्याण्णव हजार चारशे. मूळ मालक व नवा मालक यांच्या रकमांत चौऱ्याण्णव हजारांहून अधिक अंतर पडले. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा नफाच वाटतो.

आता आतून पाहा. तपासणीला मिस्त्रीचा वेळ व यंत्रे मिळून तीन हजार. टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच, तेलपाणी यांची दुरुस्ती पंचवीस हजार. डेंटिंग-पेंटिंग आणि आतली साफसफाई सात हजार. गाडी दोन महिने आवारात उभी राहिली; चार लाखांच्या भांडवलावर दरमहा एक टक्का धरला तरी व्याज झाले आठ हजार. आवाराचे भाडे, वीज, राखणदार, कारकून यांचा त्या गाडीच्या वाट्याला येणारा भाग चौदा हजार. जाहिरात आणि विकणाऱ्याचे कमिशन सहा हजार. हमीच्या काळात काही बिघडले तर करावी लागणारी तरतूद सात हजार. ज्या कारखानदाराच्या नावाने शिक्का मारायचा, त्याला द्यावयाचे शुल्क चार हजार. बेरीज होते चौऱ्याहत्तर हजार. ऐंशी हजारांतून ती वजा केली तर विक्रेत्याच्या पदरात सहा हजार उरतात. सरकारला मिळालेला कर त्याच्या दुपटीहून अधिक आहे.

हा हिशेब मान्य केला की ‘चौऱ्याण्णव हजारांची लूट’ हा आरोप गळून पडतो. परंतु खरा प्रश्न इथे संपत नाही, इथे सुरू होतो. या कलमांकडे पुन्हा एकदा नीट पाहावे. त्यांत दोन जाती आहेत. व्याज बँकेने वा वित्तकंपनीने ठरवलेले आहे, भाडे जागेच्या मालकाने, शुल्क कारखानदाराने, कर सरकारने. विक्रेत्याला यांतील एकही कलम स्वतःच्या मर्जीने कमी करता येत नाही. उरते काय? तपासणी, दुरुस्ती आणि ती करणाऱ्या माणसाची मजुरी. ही तीन कलमे मात्र आकुंचन पावू शकतात, आणि ती आकुंचन पावली तरी काचेवरच्या शिक्क्याचा रंग बदलत नाही.

समजा, गाडी दोनऐवजी चार महिने उभी राहिली. व्याज आठ हजारांनी वाढले आणि सहा हजारांचा नफा दोन हजारांच्या तोट्यात गेला. कर मात्र द्यावाच लागतो. कारण तो खरेदी व विक्री यांच्या फरकावर आहे आणि त्या फरकातून दुरुस्ती, व्याज, भाडे वजा धरले जात नाही. आता दुकानाचा व्यवस्थापक काय करील? पुढच्या गाडीच्या बाबतीत पंचवीस हजारांची दुरुस्ती दहा हजारांत उरकण्याचा मोह त्याला होईल. झिजलेले टायर ‘अजून एक पावसाळा चालतील’ असे ठरेल; गिअर टाकताना येणारा आवाज तपासणीच्या कागदावर ‘सामान्य’ म्हणून नोंदला जाईल. या एका कलमात वाचलेले पंधरा हजार थेट नफ्यात जाऊन बसतात आणि सहा हजारांचा नफा एकवीस हजार होतो. म्हणजे सचोटीचा विक्रेता आणि लबाड विक्रेता यांच्यातील सारा फरक त्या एका ओळीत आहे, आणि नेमकी तीच ओळ गिऱ्हाइकाला कधी दाखवली जात नाही.

आमच्या म्हणण्याचे सार हेच आहे. प्रमाणपत्र खरे ठरते ते ज्या खर्चामुळे, तोच खर्च या धंद्यात सर्वांत दुबळा आहे. भांडवलाचे व्याज वाट पाहत नाही, जागेचे भाडे वाट पाहत नाही; वाट पाहायला लावता येते ती दुरुस्तीला आणि मिस्त्रीला. दोष एकट्यादुकट्या विक्रेत्याच्या नीतीचा नाही. हिशेबाची घडणच अशी आहे की प्रामाणिक राहण्याचा दंड प्रामाणिक माणसाने भरावा.

अर्थशास्त्राच्या जगात ही गोष्ट नवी नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. सदोष गाडीला तिकडे बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. गाडी लिंबू आहे की नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. आणि हळूहळू बाजारात वाईट मालच उरतो, असा त्याचा युक्तिवाद होता. तीन नियतकालिकांनी परत पाठवलेला हा निबंध अखेर छापला गेला आणि २००१ साली अ‍ॅकरलॉफला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा बाजाराला सावरण्याचा एक उपाय म्हणून त्याने हमीचा उल्लेख केला होता. परंतु हमीची सत्यता तपासायलाही गिऱ्हाइकापाशी ज्ञान नसेल तर काय? मग अज्ञान दूर होत नाही. गाडीविषयी होते ते कागदाविषयी होते, एवढेच. आणि कागदाच्या आत काय लिहिले आहे, हे सक्तीने उघड करायला लावणारा कायदा नसेल, तर शिक्का ही केवळ विश्वासावर आकारलेली जादा रक्कम ठरते.

अशी सक्ती करणे सोपे नसते, हे अमेरिकेच्याच अनुभवावरून दिसते. तिथल्या संघीय व्यापार आयोगाने १९८१ साली जुन्या मोटारींच्या विक्रीसाठी नियम केला, त्यात विक्रेत्याला ठाऊक असलेले दोष गिऱ्हाइकाला लेखी कळवण्याची अट होती. विक्रेत्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि १९८२ साली तिथल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तो नियम नाकारला. संसदेचा हा नकाराधिकार पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. तरीही आयोगाने फेरविचार करून ज्ञात दोषांची अट गाळली आणि उरलेला नियम १९८५ पासून अमलात आणला. तेव्हापासून तिथे विक्रीसाठी मांडलेल्या जुन्या गाडीच्या काचेवर एक तक्ता लावावा लागतो. गाडीला हमी आहे की ती ‘आहे तशी’ विकली जात आहे, आणि दुरुस्तीच्या खर्चाचा किती टक्के भाग विक्रेता सोसणार, हे त्यावर लिहावे लागते. अर्धा नियम हाती आला. परंतु जो भाग गळाला, तोच गिऱ्हाइकाच्या सर्वांत उपयोगाचा होता. याचा परिणाम पुढे दिसला. २०१६ साली याच आयोगाने जनरल मोटर्स व काही मोठे विक्रेते यांच्यावर असा आरोप ठेवला की, कसून तपासणी केल्याची जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी काहींमध्ये, कारखानदारांनी दुरुस्तीसाठी परत बोलावलेले सुरक्षेचे दोष तसेच होते. प्रकरण समझोत्याने मिटले. अमेरिकेसारख्या जुन्या मोटारबाजारात शिक्क्याची ही गत असेल, तर आपल्याकडे डोळे मिटून विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे कायदा अगदीच निद्रिस्त होता असे नाही. जुनी गाडी दलालाच्या हाती देऊन मालक घरी जाई, आरटीओतील नाव तसेच राही, मधल्या काळात अपघात झाला की नोटीस जुन्या मालकाच्या दारी येई. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले. त्यानंतर केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून १ एप्रिल २०२३ पासून नवी व्यवस्था आणली. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचे. गाडी ताब्यात आली की तसे कळवायचे. कळवल्यानंतर मालकाच्या जबाबदाऱ्या विक्रेत्याकडे जातात. आणि ताब्यातील गाडी रस्त्यावर काढायची ती चाचणी, दुरुस्ती, तपासणी अशा कारणांपुरतीच, त्याचीही नोंद ठेवून. ही सुधारणा चांगली आहे. गाडी विकून टाकणाऱ्या माणसाचे तिने रक्षण केले आहे. गाडी विकत घेणाऱ्याचे रक्षण मात्र तिच्या कक्षेत नाही. गाडीची अवस्था, दुरुस्तीचा तपशील, प्रमाणपत्राचा अर्थ यांविषयी हे नियम मौन पाळतात.

करांचे धोरण तर या प्रश्नाकडे केवळ वसुलीच्या नजरेने पाहते. २०१८ पासून लहान जुन्या गाड्यांच्या विक्रीतील फरकावर बारा टक्के व मोठ्या गाड्यांवर अठरा टक्के कर होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत सर्वांना सरसकट अठरा टक्के दर लावण्याचे ठरले आणि जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान मोटारींवरील अठ्ठावीस टक्के कर व उपकर जाऊन अठरा टक्के आला. नवी गाडी स्वस्त झाली याचे आम्हाला दुःख नाही. परंतु नव्या गाडीचा भाव उतरला की जुनीचा भावही त्याबरोबर खाली ओढला जातो, आणि आधीच्या भावाने घेऊन आवारात उभ्या केलेल्या गाड्यांवर विक्रेत्याला खोट खावी लागते. ही खोट कुठून भरून निघते, ते वर सांगितलेच आहे. शिवाय कोणत्याही नोंदणीविना व्यक्तीने व्यक्तीला गाडी विकली तर हा कर नाही. म्हणजे तपासणी करून, हमी देऊन, पावती फाडणाऱ्यावर कराचा भार, आणि कोपऱ्यावर उभे राहून तोंडी व्यवहार जुळवणाऱ्या दलालाला मोकळे रान, असा हा उफराटा न्याय आहे. निदान लेखी व तपासण्याजोग्या दुरुस्तीचा खर्च करपात्र फरकातून वजा करू दिला, तर प्रामाणिक दुरुस्तीला दंड बसणार नाही आणि दुरुस्तीचे बिल दडवण्याऐवजी दाखवण्यात विक्रेत्याचा स्वार्थ राहील.

यात केवळ पैशाचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात तेच घडले. पुरात बुडालेली गाडी धुऊन, पुसून, रंग देऊन बाजारात आणणे अवघड नसते. आसने बदलली की वास जातो; परंतु वायरिंगच्या सांध्यांत शिरलेले पाणी आपले काम महिनोन्‌महिने करीत राहते, आणि एका रात्री घाटात दिवे विझतात किंवा संगणकीय ब्रेकयंत्रणा दगा देते. अशा गाडीचा इतिहास कुठेच नसतो असे नाही. विम्याचा दावा विमा कंपनीच्या दप्तरात असतो. सर्व्हिसची प्रत्येक नोंद कारखानदाराच्या संगणकात असते. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदीत गाडीवरील कर्जाचा बोजा, विम्याची मुदत यांसारख्या गोष्टी आता घरबसल्या पाहता येतात. पण अपघात वा पूर यांचा इतिहास गिऱ्हाइकापुढे आपोआप येत नाही. माहिती आहे, ती खाजगी मालमत्ता म्हणून कुलपात आहे. आणि ज्याच्यापाशी किल्ली आहे तोच प्रमाणपत्रही विकतो आहे.

या साखळीतील आणखी एक माणूस आपल्या नजरेतून सुटता कामा नये. तपासणीच्या कागदावर खुणा करणारा मिस्त्री. शेकडो मुद्द्यांची तपासणी त्याने करायची असते. अनेक ठिकाणी तो कंत्राटावर असतो वा शिकाऊ उमेदवार असतो. दिवसाकाठी किती गाड्या हातावेगळ्या करायच्या याचे लक्ष्य त्याला ठरवून दिलेले असते. इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखण्याची विद्या त्याच्यापाशी आहे; तो दोष कागदावर लिहिण्याचे स्वातंत्र्य मात्र त्याच्यापाशी नाही. त्याने पाच गाड्या नापास केल्या तर सहाव्या दिवशी त्याची गरज उरत नाही. ग्राहकाच्या हिताचा आणि कामगाराच्या हक्काचा प्रश्न वेगळा आहे, असे मानणाऱ्यांनी या मिस्त्रीकडे पाहावे. ज्याची नोकरी सुरक्षित नाही, त्याची सही गिऱ्हाइकाला सुरक्षित ठेवू शकत नाही.

मग मागणी कोणती करावी? किमतींवर सरसकट नियंत्रण आणा, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक जुनी गाडी दुसरीहून वेगळी असते. तिचा भाव मंत्रालयातून ठरवणे शक्य नाही आणि तसा प्रयत्न केल्यास सारा व्यवहार पुन्हा दलालांच्या अंधाऱ्या गल्लीत जाईल. परंतु हिशेब उघड करण्याची मागणी अवास्तव नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने मोटारींच्या किमती बांधल्या, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्या निमित्ताने कारखानदारांच्या उत्पादनखर्चाचे एकेक कलम सार्वजनिकरीत्या तपासले गेले. बलाढ्य कारखान्यांच्या वह्या तेव्हा उघडू शकल्या, तर आज एका गाडीच्या दुरुस्तीचे बिल उघडणे अशक्य कसे म्हणावे?

म्हणून आमचे म्हणणे असे. जी गाडी ‘प्रमाणित’ म्हणून विकायची, तिच्याबरोबर चार गोष्टी लेखी देणे बंधनकारक असावे. पहिली, तपासणीत आढळलेले सर्व दोष, दुरुस्त केलेले आणि न केलेलेही. दुसरी, केलेल्या दुरुस्तीचे सुटे भाग व मजुरी यांसह बिल. तिसरी, हमी नेमकी कशावर आहे, कशावर नाही, आणि ती कोण पाळणार, दुकान की कारखानदार. चौथी, विम्याच्या दाव्यांचा व सर्व्हिसचा इतिहास. तपासणी करणाऱ्या मिस्त्रीचे वेतन विक्रीच्या आकड्याशी बांधलेले नसावे आणि सदोष गाडी नापास केल्याबद्दल त्याला कामावरून दूर करता येऊ नये. आणि ज्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याच्या कागदावर विश्वास नाही, त्याला माफक शुल्कात त्रयस्थ तपासणी मिळावी; व्यापारी वाहनांच्या योग्यता-चाचणीसाठी देशात स्वयंचलित केंद्रे उभी राहत आहेत, त्यांची दारे जुन्या गाड्यांच्या खरेदीदारालाही उघडावीत.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पुरेशा व योग्य चाचणीचा आधार नसताना हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. या तरतुदीचा उपयोग आपल्या कार्यकर्त्यांनी करायला शिकले पाहिजे. ‘तुम्ही फसवले’ असे म्हणत ग्राहक आयोगापुढे जाण्यापेक्षा ‘तुमच्या तपासणीचा कागद व दुरुस्तीचे बिल दाखवा’ असे म्हणत जाणे अधिक परिणामकारक ठरते. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून सामुदायिक खरेदीचा जो मार्ग दाखवला, त्याचा धडाही इथे घेण्याजोगा आहे. एकटे गिऱ्हाईक दुरुस्तीचे बिल मागते तेव्हा विक्रेता हसतो. एखाद्या कर्मचारी पतसंस्थेने ‘बिल दाखवल्याशिवाय आमच्या सभासदांना गाडीसाठी कर्ज मिळणार नाही’ असा ठराव केला, तर तोच विक्रेता वही उघडतो. अशा पतसंस्था आपल्या कार्यकर्त्यांच्या हाती गावोगावी आहेत. त्यांच्या येत्या सभेत हा ठराव मांडता येईल. त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करतो. विक्रेत्याचा नफा हा या लेखाचा शत्रू नाही. ज्याने खरोखर टायर बदलले, ब्रेक तपासले, मिस्त्रीला पूर्ण मजुरी दिली आणि हमी पाळली, त्याने सहाऐवजी दहा हजार मिळवले तरी आमची तक्रार नाही. आमची तक्रार त्या व्यवस्थेविरुद्ध आहे, जिच्यात बँकेचे व्याज, जागेचे भाडे, कारखानदाराचे शुल्क आणि सरकारचा कर हे सर्व वेळेवर व पुरेपूर वसूल होते, आणि काटकसर होते ती फक्त गाडीच्या ब्रेकवर आणि मिस्त्रीच्या पगारावर. गिऱ्हाईक शिक्क्याचे पैसे मोजते आहे. शिक्क्यामागचा हिशेब पाहण्याचा त्याचा हक्क आहे, आणि तो त्याला मिळवून देणे हे आपले काम आहे.